पुरात न फुगणारं टेबल



गेल्या महिन्यात मंडळातल्या दोघी-तिघी घरी आल्या होत्या. मागच्या खोलीत खिडकीशी माझं लिहायचं टेबल आहे. त्यावर हात फिरवून एकीने विचारलं, "काकू, मार्बलचं का हो?" म्हटलं, "सिमेंटचं आहे. घरी ओतलंय, मी स्वतः." एक जण हसली. दुसरी म्हणाली, "या वयात नवा परिग्रह कशाला?" तिने चेष्टेतच विचारलं, पण तो प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे, त्याच टेबलावर.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरातल्या बाईला लिहायला-वाचायला एक जागा हवी, जेवायच्या वेळी आवरावी न लागणारी. आणि ती जागा चांगली जड असावी. हलकं टेबल असलं की त्याच्यावर आधी इस्त्रीचे कपडे येतात, मग धान्य निवडायला घेतलेली परात येते, मग पाहुणे आले की ते टेबलच उचलून बाहेर जातं. हे मी अनुभवाने बोलते आहे.

मी 1982 ची बी.कॉम. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा सासऱ्यांच्या दुकानाच्या वह्या माझ्याकडे आल्या. रोजमेळ, खतावणी सगळं मी जेवणाच्या टेबलावर लिहीत असे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की वह्या कपाटात. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचं अभ्यासाचं टेबल मला मिळालं. भुशाच्या फळीचं, वर सनमायका, खाली तीन खण. त्या खणांत मी माझ्या घरखर्चाच्या वह्या ठेवल्या होत्या, 1988 पासूनच्या. तूरडाळ काय भावाने आणली, मुलाची पहिली फी किती भरली, सासूबाईंच्या आजारपणात कोणत्या दिवशी किती पैसे गेले, सगळं त्यात होतं.

मग 2019 चा ऑगस्ट. सांगलीच्या मैत्रिणींना मी काय सांगणार? आमच्या खालच्या मजल्यावर कृष्णेचं पाणी कमरेइतकं आलं. आम्ही मिरजेला नात्यात जाऊन राहिलो होतो. परत आलो तेव्हा ते टेबल पावासारखं फुगलेलं होतं. खण उघडेनात. सुताराने पहार घालून उघडले, तर आत वह्यांचा लगदा. शाई उतरून सगळी पानं एकसारखी निळी झाली होती. घरातलं बरंच काही गेलं, पण रडू मला त्या खणांपाशी आलं. "वह्याच तर होत्या," असं कोणीतरी म्हणालं. कोण ते लिहीत नाही.

चिखल काढताना एक गोष्ट मात्र लक्षात आली. स्वयंपाकघरातला ओटा जिथल्या तिथे होता. दोन बादल्या पाणी ओतून घासला, झाला स्वच्छ. लाकूड गेलं, भुसा गेला, लोखंड गंजलं. वीट, सिमेंट आणि कडप्पा तसेच राहिले. लिहायचं टेबल ओट्यासारखं का नसावं, हा विचार तेव्हाचा. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा उंबऱ्याला लागून गेलं, तेव्हा तो पक्का झाला. आणि तरी प्रत्यक्ष काम करायला मागचं वर्ष उजाडलं. बायकांच्या स्वतःच्या कामाला मुहूर्त असाच उशिरा लागतो.

आमचा गवंडी म्हणाला, "वैनी, कडप्प्याची फळी टाका की. अर्ध्या दिवसाचं काम हाय." त्याचं बरोबर होतं. स्वस्त पडलं असतं, सोपंही झालं असतं. पण माझ्याकडे अर्धं पोतं फरशीचे तुकडे होते. माहेरचं जुनं घर भावाने पाडलं, तेव्हा सोप्यातल्या मोझाइक फरशीचे तुकडे मी उचलून आणले होते. पिवळट जमीन, त्यात तांबडे-काळे खडे. त्या फरशीवर मी पालथी पडून पाढे लिहिले आहेत. चार वर्षं ते पोतं जिन्याखाली पडून होतं आणि दर दिवाळीला "हे कधी टाकायचं?" म्हणून विचारणा व्हायची. ते तुकडे सिमेंटात बसवून त्याचीच फळी ओतायची, असं मी ठरवलं.

आता काम कसं केलं ते सांगते, कारण नुसतं "मी केलं" म्हणण्यात अर्थ नाही.

फळी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड. काँक्रीटचा एक घनमीटर साधारण 2,400 किलो भरतो, त्या हिशेबाने ही फळी 68 किलोची. आकडा काढल्यावर मी जरा गप्प बसले, मग म्हटलं, जड हवंच होतं ना! साचा केला जुन्या कपाटाच्या सनमायकाच्या दारांचा. बाजूला दीड इंच उंचीच्या पट्ट्या स्क्रूने मारल्या आणि सांध्यांत सिलिकॉन भरलं. आत शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवलं. अगदी फिरवल्यासारखंच, जास्त झालं तर डाग राहतात.

गंमत अशी की ही फळी उलटी ओततात. साच्याच्या तळाला जे असेल ते शेवटी वर येतं, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. फरशीचे तुकडे मी तळावर पालथे मांडले. मध्ये पितळी पट्टी वाकवून एक कोयरी केली. जाऊबाई म्हणत होत्या, "स्वस्तिक कर, शुभ असतं." मी नको म्हटलं. ज्यावर कोपर टेकायचं, चहाचा कप ठेवायचा, तिथे स्वस्तिक कसं चालेल? आणि ते नाही केलं हे फार बरं झालं, कारण साचा उलटल्यावर माझी उजवीकडे वळलेली कोयरी डावीकडे वळलेली निघाली. आरशासारखं सगळं फिरतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वस्तिकाचं तसं झालं असतं तर काय केलं असतं, याचा विचारही नको वाटतो.

पांढरं सिमेंट 15 किलो, त्याच्या दीडपट मापाने क्रश सँड आणि तेवढेच मोझाइकचे बारीक खडे. पाणी सात लिटरच्या आत. इथेच सगळ्यांचा हात चुकतो. मिश्रण कोरडं वाटतं, थापीला जड जातं, मग आणखी एक तांब्या पाणी ओततात. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, मागे बारीक भोकं राहतात आणि फळी कच्ची होते. कणीक मळताना पाणी बेताने घालायची सवय आपल्याला आहेच, तीच इथे उपयोगी पडते. पाणी मी घरातलं, गाळलेलं घेतलं. गवंडी हसला. मी त्याला म्हटलं, "अहो, तुमच्या धंद्यातच नियम आहे, पिण्याजोगं पाणी काँक्रीटला उत्तम." खरंच आहे तसा, क्षार आणि गाळ सिमेंटला सोसत नाही.

हातमोजे मात्र विसरू नका. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल असतं, कातडी भाजते. ते किती जहाल असतं याची एक खूण मला सहज मिळाली. हळदीचा हात लागलेला एक थेंब साच्याच्या कडेला सांडलेल्या सिमेंटवर पडला आणि बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. हळदीत चुना घालून कुंकू करतात ना, तसंच. कोरडं सिमेंट ओतताना तोंडाला फडकं नको, चांगला मास्क लावा.

मिश्रण भरल्यावर साच्याच्या बाजूंना लाटण्याने ठोकत राहायचं. हवेचे बुडबुडे वर येतात, ते येणं थांबेपर्यंत. माझं पोळ्यांचं लाटणं त्यात गेलं, हे सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही. आता कळेल.

पहिली फळी मोडली.

हे लपवून मी काम कसं केलं ते सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरून टणक लागली, म्हणून मी साचा सोडला आणि ह्यांच्या व शेजारच्या मुलाच्या मदतीने फळी आडवी उचलली. मधोमध कडकन आवाज झाला आणि दोन तुकडे. कोणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट वाटलं. ह्यांनी फक्त चहा करून आणला.

दुपारी गवंड्याला बोलावलं. तो तुकडे बघून म्हणाला, "जाळी चुकीच्या अंगाला घातलीया." मी लोखंडी जाळी तळाजवळ ठेवली होती. फळी उलटल्यावर ती वरच्या बाजूला आली. टेबलावर भार पडला की फळी खालच्या बाजूने ताणली जाते; काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून लोखंड खाली हवं. म्हणजे ओतताना जाळी वरच्या अंगाला, पण वर अर्धा इंच काँक्रीट राहील इतकी आत. दुसरी चूक घाईची. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं, ते पाणी पिऊन घट्ट होतं, आणि त्याला दिवस लागतात. निदान सात दिवस ओलं ठेवायचं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. पूर्ण ताकद धरायची ती 28 दिवसांची. तिसरी चूक उचलण्याची. अशी फळी काचेसारखी उभी धरून न्यायची.

मोडक्या फळीचा तोटा 1,040 रुपये. मी तो वहीत वेगळा लिहिला. हे म्हणाले, "शिक्षण खर्चात टाक." मी नाही टाकला. तोटा तो तोटा. त्या दोन तुकड्यांवर आता मागच्या दारी पाण्याची घागर असते.

फरशीचे तुकडे पोत्यात अजून होते, म्हणून दुसरी फळी ओतता आली. या वेळी चौथ्या दिवशी फक्त बाजूच्या पट्ट्या सोडल्या, आणि दहा दिवस ओलं गोणपाट घालून वरून प्लॅस्टिक टाकलं. काम मी मुद्दाम कार्तिक पौर्णिमेनंतर काढलं होतं. चातुर्मासात ओल धरून ठेवायची, ते गोणपाट दिवसेंदिवस तसंच ठेवायचं, हे मनाला पटणारं नव्हतं. थंडीतही तिसऱ्या दिवशी गोणपाटाखाली मुंग्या आल्याच. रोज पाणी मारण्याआधी गोणपाट उचलून मऊ कुंच्याने कडा झाडून घ्यायचा नेम ठेवला. वेळ लागतो पाच मिनिटं.

उलटल्यावर घोटाई. कार्बोरंडमचा दगड, आधी जाड, मग मध्यम, मग बारीक, आणि सतत पाणी. कोरडं घासायचं नाही, ती धूळ छातीला वाईट. तीन संध्याकाळी मी आणि नातू आळीपाळीने घासत होतो. दुसऱ्या संध्याकाळी माहेरच्या फरशीचा तांबडा खडा पहिल्यांदा चमकला. मी तिथेच पाण्यात बसून राहिले थोडा वेळ.

आता आपल्या घरांपुरती एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. अशा फळीवर शेवटचा हात म्हणून मेण लावायला सांगतात आणि ते बहुतेक वेळा मधमाशीचं मेण असतं. आपण मध खात नाही, आणि त्याच पोळ्याचं मेण टेबलावर घासायचं का? लाकडी कामात सुतार सरस वापरतात, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. विचारलं तरच कळतं. मी जवसाचं तेल पातळ हाताने तीन वेळा लावलं, दर वेळी दोन दिवस सुकू दिलं. ब्रश नायलॉनचा. एक सूचना, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आणि टेबलावर लिंबू-चिंच सांडली की लगेच पुसायची, आंबटाने डाग खोल जातो. माझ्या टेबलावर एक आहे, लिंबाच्या सरबताचा, नातवाच्या नावावर.

पाय विटांचे बांधले, पन्नास विटा, वर सिमेंटचा गिलावा. ते गवंड्यानेच केले. ओळंबा माझ्या हाताला जमत नाही. फळी चौघांनी उभी धरून आणली आणि हळूच वर झोपवली. एकूण खर्च 4,860 रुपये, तोट्यासकट, गवंड्याची एका दिवसाची मजुरी धरून.

सगळ्यांनी असं टेबल करावं असं मी म्हणणार नाही. आमचं खालच्या मजल्यावर आहे. विटांचे दोन पाय प्रत्येकी 90 किलोच्या आसपास आहेत, म्हणजे सगळं मिळून अडीचशे किलो, तेही पाऊण चौरस मीटर जागेत. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पाय लोखंडी करावेत, भिंतीला लागून ठेवावं आणि आधी इंजिनिअरला विचारावं. भाड्याच्या घरात तर करूच नये, घर बदलताना ते तुमच्याबरोबर येणार नाही. आणि शहरांत हल्ली "काँक्रीट फर्निचर" म्हणून अवाच्या सवा किमतीला विकतात, ते फॅशन म्हणून घेणं मला तरी समजत नाही. सिमेंट फुकटचं नाही. चुनखडी भाजून ते होतं, आणि जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला 7 ते 8 टक्के सिमेंटमुळे जातो. एकदा करायचं, तर नातवंडांनी वापरावं असं करावं. भुशाची तीन टेबलं तीन पुरांत फेकण्यापेक्षा मला हे बरं वाटलं.

आणि आता तो परिग्रहाचा प्रश्न.

गृहस्थाच्या घरात आरंभाची हिंसा असते. वाळू, पाणी, माती यांना हात लावल्याशिवाय संसार होत नाही, म्हणून तर यत्नाने करायचं. ते मला मान्य आहे. वस्तू वाढवू नये, हेही मान्य. म्हणून टेबल आलं तेव्हा मी दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि पुरातून वाचलेला जुना टीव्हीचा स्टँड घरातून काढला. यादी वहीत आहे. पण तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटलं आहे, आणि ती आसक्ती कुठे बसली आहे हे ज्याचं त्याने बघायचं असतं. माझी त्या फरशीच्या तुकड्यांत आहे, थोडी. मी नाकारत नाही. दर चौदसला स्वतःला विचारते.

मला खटकतं ते वेगळंच. ह्यांनी साठीनंतर दुकानात नवी गादी केली, काउंटर बदललं, तेव्हा कोणी परिग्रह म्हणालं नाही. मुलाने तिसरी गाडी घेतली तेव्हा आपण पेढे खाल्ले. सोळा साड्या एका लग्नात घेतल्या जातात, तिथेही कोणी बोलत नाही. बाईने वही ठेवायला चार फुटांची जागा घेतली की अपरिग्रह आठवतो. आणि आठवण करून देणाऱ्याही आपणच. ती मैत्रीण मनाने चांगली आहे, तिला दुखवायचं नाही. पण तिच्या घरी गेले होते तेव्हा तिने स्वाध्यायाच्या नोंदी मला फ्रिजवरून काढून दाखवल्या होत्या. फार सुंदर अक्षर आहे तिचं.

टेबलाने माझ्या जुन्या वह्या परत आल्या नाहीत. पुढच्या पुरात फळी टिकेल, कागद टिकणार नाहीत, हेही मला कळतं. म्हणून टेबलाला खण केलेलेच नाहीत. वह्या झाकणाच्या डब्यात असतात, आणि नदीची पातळी वाढायला लागली की तो डबा आधी माडीवर जातो, दागिन्यांच्याही आधी. 1988 ते 2019 मधलं जे आठवतं ते मी पुन्हा लिहिते आहे. सासूबाईंच्या आजारपणाचा महिना गेल्या आठवड्यात लिहून झाला. आकडे सगळे आठवत नाहीत, तिथे जागा कोरी सोडते.

संध्याकाळी सूनबाई तिचा लॅपटॉप घेऊन तिथे बसते. आधी विचारते, "आई, तुमचं झालं का?" मग बसते.

साचा अजून माळ्यावर आहे, धुऊन-पुसून ठेवला आहे. सांगली-मिरजेत कोणाला हवा असेल तर घेऊन जा. पट्ट्यांचे स्क्रू एका पिशवीत बांधलेत, ते तेवढे मोजून परत द्या. आणि लाटणं आपलं आपलं आणा.

जय जिनेंद्र.